पापाचें दास्य आणि आत्म्याचें जीवन

मुक्ति हा शब्द महाराष्ट्रांत कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. कीर्तनांत, प्रवचनांत आणि घरच्या बोलण्यांतहि तो सहज येतो, आणि त्याबरोबर जन्ममरणाच्या फेऱ्यांतून सुटण्याची कल्पना मनांत उभी राहते. ख्रिस्ती धर्मग्रंथांतहि मुक्तीची भाषा वारंवार आढळते. परंतु तेथें तिचा रोख थोडा निराळा आहे. तेथें बंधन आहे तें पापाचें, आणि सुटका व्हावयाची ती पापाच्या सत्तेंतून; तीहि केवळ मरणानंतर नव्हे, तर याच देहांत आणि याच संसारांत सुरू व्हावयाची. हें ऐकल्यावर कोणताहि विचारी श्रोता एक प्रश्न केल्यावांचून राहणार नाहीं. आपणांस ही सुटका मिळाली असें ज्यांनीं सांगितलें, तीं माणसें पुढें कधीं चुकलींच नाहींत काय? आणि जर चुकलीं, तर त्यांची सुटका झाली ती कशापासून? प्रेषित पौलानें रोम शहरांतील ख्रिस्ती मंडळीला जें पत्र लिहिलें, त्याच्या सहाव्या, सातव्या आणि आठव्या अध्यायांत याच प्रश्नाचा ऊहापोह केलेला आहे.

हें पत्र इ. स. ५७ च्या सुमारास ग्रीस देशांतील करिंथ शहरीं लिहिलें गेलें. पौल सांगत गेला आणि तर्तिय नांवाच्या लेखकानें तें उतरून घेतलें. करिंथाजवळच्या किंख्रिया बंदरांतील मंडळीची सेविका फीबी हिची पत्राच्या अखेरीस शिफारस केलेली आहे. त्यावरून तीच तें रोमला घेऊन गेली असें बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच शेवटच्या अध्यायांत ज्यांना सलाम सांगितला आहे, त्यांपैकीं कित्येकांचीं नांवें त्या काळीं दासांत आणि मुक्त झालेल्या दासांत रूढ असलेलीं आहेत. म्हणजे हें पत्र मोठ्यानें वाचून दाखविलें जात असतां ऐकणाऱ्यांत असे पुष्कळ लोक असले पाहिजेत कीं, ज्यांना दास हा शब्द अलंकार म्हणून नव्हे, तर अंगावरच्या वळांनीं ठाऊक होता.

दास हा मालकाच्या मालमत्तेचा भाग होता. गुराढोरांप्रमाणें त्याला विकतां येई. परंतु त्याची सुटकाहि होत असे. रोमन रीतीप्रमाणें मालक त्याला अधिकाऱ्यापुढें नेई. तेथें काठीचा स्पर्श करून तो मुक्त झाल्याचें ठरविण्यांत येई, आणि स्वातंत्र्याची खूण म्हणून तो मनुष्य लोंकरीची टोपी घाली. ग्रीसमध्यें दुसरीहि एक रीत होती. करिंथच्या आखातापलीकडे देल्फी येथें अपोलो देवाचें मंदिर होतें. तेथें दासाची किंमत भरून तो देवाला विकला असा करार होई, आणि मग त्याच्यावर कोणा माणसाचा हक्क राहत नसे. असे हजाराहून अधिक करार तेथील दगडांवर कोरलेले सांपडले आहेत. त्यांतील कित्येकांत मात्र एक अट आढळते. ती अशी कीं, मुक्त झालेल्यानें जुना मालक जिवंत असेपर्यंत त्याच्याजवळ राहून त्याची चाकरी करावी. नांवाला सुटका, आणि पहांटे उठून पुन्हां त्याच दारांत उभें राहावयाचें!

या पार्श्वभूमीवर पौलाचें म्हणणें नीट उमगतें. पाप म्हणजे केलेल्या वाईट कृत्यांची यादी, असा सर्वसाधारण समज आहे. पौलाच्या मतें ती यादी म्हणजे रोगाचीं लक्षणें होत; रोग त्यांच्या मुळाशीं आहे. म्हणून या अध्यायांत तो पाप हा शब्द बहुतकरून एकवचनीं वापरतो. पाप ही एक सत्ता आहे. ती सिंहासनावर बसते, हुकूम सोडते, चाकरी करून घेते आणि चाकरीच्या अखेरीस हातावर मोल ठेवते, तें मरणाचें. अशा धन्याच्या हातून दास सुटावा कसा? पौलाचें उत्तर असें कीं, मेलेल्या दासावर मालकाचा हुकूम चालत नाहीं. बाप्तिस्म्यानें विश्वासणारा ख्रिस्ताच्या मरणाचा आणि पुनरुत्थानाचा भागीदार होतो. तेव्हां जुन्या धन्याच्या दृष्टीनें तो मेला, आणि देवाच्या दृष्टीनें जिवंत झाला. जुन्या धन्याजवळ राहून चाकरी करण्याची अट या सुटकेंत नाहीं. आणि जें नवें जीवन मिळतें तें मोल नव्हे. तें दान होय.

परंतु मनुष्याला दान घेण्यापेक्षां कमाई करणें अधिक मानाचें वाटतें. म्हणून पापांतून सुटण्यासाठीं त्याला पहिला मार्ग सुचतो तो नियमांचा. सातव्या अध्यायांत पौल या मार्गाची परीक्षा करतो. मोशेच्या द्वारें मिळालेलें नियमशास्त्र पवित्र आहे, हें तो स्पष्ट म्हणतो. दोष शास्त्रांत नाहीं. पण गवंडी भिंतीला ओळंबा लावतो तेव्हां भिंत किती कलली आहे तेवढें दिसतें. ओळंब्यानें भिंत सरळ होत नाहीं. इतकेंच नव्हे, तर मनाई केल्यानें वासना कित्येकदां अधिकच चाळवते. मुलाला अमुक फडताळास हात लावूं नको म्हणून बजावावें, आणि त्याचें चित्त दिवसभर त्याच फडताळाभोंवतीं घुटमळावें, हा अनुभव कोणत्या घरीं नाहीं? मोठ्या माणसांचेंहि तसेंच आहे. दारू सोडण्याची शपथ घेणारा, रागावर ताबा ठेवण्याचा निश्चय करणारा, शेजाऱ्याचा उत्कर्ष पाहून जळूं नये असें मनाला बजावणारा, या सर्वांना इच्छा आणि कृति यांमधील खंदक माहीत असतो. चांगलें काय तें कळतें, तें करावेंसेंहि वाटतें, आणि हातून घडतें तें भलतेंच. या कुचंबणेचें चित्र पौलानें प्रथमपुरुषीं रेखाटलें आहे, आणि आपणांस कोण सोडवील अशा आर्त हांकेंत तें संपत आलें आहे.

हें चित्र कोणाचें, याविषयीं फार जुना वाद आहे. आफ्रिकेंतील विख्यात धर्माचार्य ऑगस्टिन यांचें या पत्राशीं निकटचें नातें होतें. इ. स. ३८६ मध्यें मिलान येथील एका बागेंत, इंद्रियसुखाच्या संवयी सुटत नाहींत म्हणून तळमळत असतां, त्यांनीं याच पत्राच्या तेराव्या अध्यायांतील कांहीं ओळी वाचल्या आणि त्यांच्या आयुष्याला वळण लागलें. पुढील वर्षीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. आरंभीं त्यांना वाटे कीं, सातव्या अध्यायांतील मनुष्य हा नियमशास्त्राखालीं असलेला, अद्याप कृपा न लाभलेला मनुष्य होय. पुढें पेलाजियस नांवाच्या संन्याशाशीं त्यांचा वाद झाला. मनुष्यानें मनांत आणिलें तर तो आज्ञा पाळूं शकतो, असें पेलाजियसचें मत होतें. या वादांत ऑगस्टिन यांनीं आपलें पहिलें मत बदललें, आणि हा झगडा विश्वासणाऱ्याच्या अंतःकरणांतहि चालूं असतो असें प्रतिपादन केलें. वयानें आणि अनुभवानें पिकलेल्या एका विद्वानानें आपल्या दुर्बलतेची दिलेली ती कबुलीच होती.

मग सातव्या आणि आठव्या अध्यायांत फरक कोणता? सातव्या अध्यायांत पवित्र आत्म्याचा उल्लेख जेमतेम एकदां येतो. आठव्या अध्यायांत आत्मा हा शब्द सुमारें वीस वेळां येतो. सातव्यांतील मनुष्य एकटा झगडत आहे. आठव्यांतील मनुष्य एकटा नाहीं. आत्मा यासाठीं मूळ ग्रीक शब्द न्यूमा हा आहे. वारा, श्वास आणि आत्मा असे तिन्ही अर्थ त्यांत आहेत, आणि हिब्रू भाषेंतील रूआह या शब्दाचेहि तेच अर्थ आहेत. कोंकणच्या किनाऱ्यावरील गलबताची उपमा येथें उपयोगीं पडेल. वारा पडला म्हणजे खलाशी वल्हीं मारून मारून थकतात आणि गलबत कसेंबसें सरकतें. शिडांत वारा भरला कीं तेंच गलबत पाणी कापीत निघतें. तरीहि शीड उभारणें, दोर आंवळणें, सुकाणूं धरणें हें तांडेलाचें काम कांहीं चुकत नाहीं. गति वाऱ्याची, जागरूकता तांडेलाची. आठव्या अध्यायांत देहाचीं कर्में मारून टाकण्याविषयीं एक वाक्य आहे. व्याकरणाच्या दृष्टीनें तें पाहण्यासारखें आहे. त्या वाक्यांत कर्ता आहे तो विश्वासणारा, आणि करण आहे तो आत्मा. करणावांचून कर्त्याचें चालत नाहीं, आणि कर्ता हात जोडून स्वस्थ बसला तर तें कर्म होत नाहीं.

देह या शब्दाविषयींहि एक खुलासा केला पाहिजे. पौल देहाची निंदा करतो, तेव्हां तो हाडामांसाच्या शरीराचा तिरस्कार करीत नाहीं. शरीराच्या पुनरुत्थानाची आशा तो याच अध्यायांत सांगतो. देवाला बाजूस सारून केवळ स्वतःभोंवतीं फिरणारा जो मानवी स्वभाव, त्याला तो देह म्हणतो. गलती प्रांतांतील मंडळ्यांस लिहिलेल्या पत्रांत त्यानें देहाचीं कर्में मोजून दाखविलीं आहेत. त्यांत व्यभिचार आणि मद्यपान यांच्या पंगतीला हेवा, भांडण आणि तट हींहि बसविलेलीं आहेत. म्हणजे आयुष्यभर निर्व्यसनी राहिलेला, पण भावाशीं अबोला धरून बसलेला मनुष्यहि देहाचाच चाकर ठरतो.

आत्म्याच्या वास्तव्यानें काय पालटतें? पहिली गोष्ट, दंडाची भीति जाते. दुसरी गोष्ट, नातें पालटतें. आणि हें समजावून देण्यासाठीं पौल दत्तकाचा दाखला घेतो. दत्तक म्हणजे काय हें महाराष्ट्रांत सांगावयास नको. रोमन कायद्यांतहि दत्तक गेलेला मुलगा जुन्या घरच्या सत्तेंतून सुटून नव्या पित्याच्या अधिकाराखालीं येई, त्याचें नांव लावी आणि त्याचा वारस होई. दास आणि पुत्र एकाच घरांत राहतात, प्रसंगीं एकच काम करतात. पण दास चुकला म्हणजे लपतो, आणि पुत्र चुकला म्हणजे बापाकडे परत येतो. म्हणूनच पौलानें ग्रीक पत्राच्या मध्यें अब्बा हा अरामी शब्द तसाच ठेवला आहे. घरांत बापाला हांक मारण्याचा तो शब्द येशूच्या तोंडीं असे. रोममधील ज्या दासाला कायद्यानें वारसा नव्हता, त्यालाहि तो शब्द उच्चारण्याचा अधिकार मिळाला.

या शिकवणीचे दोन विपर्यास नेहमींच होत आले आहेत. पहिला असा कीं, सर्व कृपेनेंच होणार असेल तर वाटेल तसें वागण्यास हरकत कोणती? पौलानें हा आक्षेप स्वतःच उपस्थित करून झिडकारला आहे. सुटलेला दास आनंदानें त्याच धन्याच्या गोठ्यांत परत जात नाहीं. दुसरा विपर्यास असा कीं, आत्मा लाभला म्हणजे मनुष्य चुकेनासा होतो. यावर ख्रिस्ती आचार्यांतहि एकवाक्यता नाहीं. मार्टिन ल्यूथर यांनीं १५१५-१६ सालीं विटेनबर्ग येथें या पत्रावर व्याख्यानें दिलीं. विश्वासणारा हा एकाच वेळीं नीतिमान् आणि पापी असतो, असें त्यांचें मत होतें. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांना २४ मे १७३८ रोजीं लंडन येथें, ल्यूथर यांनीं या पत्रास लिहिलेली प्रस्तावना कोणी वाचीत असतां, आपल्या पापांची क्षमा झाल्याची खात्री पटली. ख्रिस्ती मनुष्य याच जन्मीं पूर्णतेस पोंचूं शकतो असें वेस्ली पुढें शिकवीत. पण ती पूर्णता म्हणजे प्रीतीची पूर्णता, अज्ञानापासून व चुकांपासून सुटका नव्हे, असेंहि ते बजावीत.

हा वाद केवळ पंडितांचा नाहीं, हें जॉन न्यूटन यांच्या चरित्रावरून दिसतें. १७२५ सालीं जन्मलेला हा इंग्रज खलाशी तरुणपणीं पश्चिम आफ्रिकेंत एका गुलामव्यापाऱ्याच्या पदरीं स्वतःच जवळजवळ गुलामासारखा राबला होता. १७४८ च्या मार्चांत अटलांटिक महासागरांतील वादळांत त्याचें जहाज फुटावयास आलें, तेव्हां त्यानें देवाचा धांवा केला. तो दिवस आपल्या पालटाचा म्हणून तो जन्मभर पाळीत असे. आणि त्यानंतर त्यानें काय केलें? तो गुलामांच्या जहाजावर प्रथम दुय्यम अधिकारी आणि पुढें कप्तान झाला. रविवारीं जहाजावर उपासना चाले, आणि तक्तपोशीखालीं सांखळदंडांत माणसें कोंबलेलीं असत. १७५४ सालीं त्यानें समुद्र सोडला, तोहि सदसद्विवेकामुळें नव्हे, तर आजारामुळें. पुढें तो धर्मोपदेशक झाला. ज्याला आपण पालट म्हणत आलों, त्यानंतरहि कित्येक काळ आपण पूर्ण अर्थानें विश्वासणारे नव्हतों, असें त्यानें मोकळेपणें लिहिलें. अखेर १७८८ सालीं, वादळानंतर चाळीस वर्षांनीं, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यानें एक पुस्तिका प्रसिद्ध करून आपल्या पापाची जाहीर कबुली दिली, आणि सरकारी चौकशीपुढें साक्ष दिली. १८०७ च्या मार्चांत ब्रिटिश पार्लमेंटानें तो व्यापार बंद केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत न्यूटन वारला.

पापाच्या दास्यांतून सुटल्याचें सांगणारा मनुष्य दुसऱ्यांस दास करून विकीत होता, ही गोष्ट झांकून ठेवण्यासारखी नाहीं. तिच्यावरून दोन गोष्टी निघतात. एक ही कीं, धन्याचें घर सोडलें तरी त्या घरच्या संवयी अंगांत राहतात, आणि ज्या पापाला सारा समाज धंदा म्हणतो तें मनुष्याला सर्वांच्या शेवटीं दिसतें. दुसरी ही कीं, आत्म्याचें जीवन खरें असेल तर तें पाप कधींना कधीं दिसतें, आणि तें दिसल्यावर मनुष्य सबबी सांगत बसत नाहीं. मात्र त्या चाळीस वर्षांचें मोल ज्यांना भरावें लागलें तीं माणसें निराळीं होतीं, ही जाणीव वाचकानें सोडूं नये.

महाराष्ट्रांत या विषयाचें स्मरण पंडिता रमाबाईंच्या नांवाशीं जोडलेलें आहे. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यापूर्वीं फुलहॅम येथें, समाजानें पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या धर्मभगिनींचें काम त्यांनीं पाहिलें होतें, आणि त्याचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला होता. तथापि आपल्या आत्मनिवेदनांत त्यांनीं प्रांजळपणें सांगितलें आहे कीं, बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षें आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या त्या विदुषीला मतें पटलीं होतीं; उणीव होती ती अंतःकरणांतील जीवनाची. ती उणीव भरून आल्यावर त्या जगापासून दूर झाल्या नाहींत. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं अनाथ मुलींना आश्रय दिला, आणि केडगांव येथील त्या वसतीला मुक्ति हेंच नांव मिळालें. १९०५ सालीं तेथें प्रार्थनेची मोठी लाट उसळली. कित्येक मुलींनीं अश्रु ढाळीत आपल्या पापांची कबुली दिली. पण त्याच वसतींत शेती, विणकाम आणि छापखाना हींहि चाललीं होतीं. ग्रीक आणि हिब्रू शिकून सोप्या मराठींत बायबलाचें भाषांतर करण्याचें काम रमाबाईंनीं ५ एप्रिल १९२२ रोजीं मृत्यु येण्यापूर्वीं पुरें केलें.

आत्म्याच्या जीवनाची पारख करावयाची ती अशाच ठिकाणीं. गलतीकरांच्या पत्रांत देहाचीं कर्में अनेकवचनीं आहेत, पण आत्म्याचें फळ एकवचनीं आहे. प्रीति, आनंद, शांति, सौम्यता, संयम इत्यादि नऊ गुण हीं निरनिराळीं नऊ फळें नसून एकाच फळाच्या फोडी आहेत, असा त्याचा भाव. कर्म घडवावें लागतें. फळ झाडाला धरतें, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून रागीट मनुष्य एका रात्रींत शांत झाला नाहीं, एवढ्यावरून त्याचें सर्व खोटें असें ठरवूं नये. पहिल्यापेक्षां तो लौकर क्षमा मागतो काय, ज्याच्यावर त्याची सत्ता चालते अशा माणसाशीं, घरच्या गड्याशीं, सुनेशीं किंवा ऋणकोशीं तो निराळ्या रीतीनें वागतो काय, हें पाहावें. न्यूटनाच्या बाबतींत लोकांनीं हाच प्रश्न चाळीस वर्षें विचारला नाहीं, आणि त्यानेंहि तो स्वतःला विचारला नाहीं.

आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर यांतच आहे. सुटका झाली ती पापाच्या हुकमतींतून. पापाच्या हांकेंतून नव्हे. जुना धनी रस्त्यांत भेटतो, नांवानें हांक मारतो, आणि वर्षानुवर्षांच्या संवयीनें पाय तिकडे वळतातहि. पूर्वीं त्याला नाहीं म्हणण्याचा अधिकार नव्हता. आतां तो आहे, आणि पाय घसरला तरी परत जावयाला बापाचें घर आहे. प्रार्थनेला शब्द सुचत नाहींत अशा वेळीं आत्मा स्वतःच दुर्बलाच्या साहाय्यास येतो, असेंहि पौल त्याच अध्यायांत सांगतो. रोममध्यें तें पत्र ऐकून जे दास त्या रात्रीं आपापल्या मालकांच्या घरीं परत गेले, त्यांची कायद्यानें सुटका झाली नव्हती. दुसऱ्या दिवशीं पहांटे त्यांना पाणी भरावयाचेंच होतें. परंतु देवाच्या घरीं आपण वारस आहों, ही गोष्ट ते बरोबर घेऊन गेले.